माग्डेबुर्गचं अभयदान



मागच्या आठवड्यात धाकटीचा विज्ञानाचा अभ्यास घेत होते. धडा होता हवेच्या दाबाचा. पुस्तकात एक चित्र होतं. धातूचे दोन पोकळ अर्धगोल एकमेकांना लावलेले, आतली हवा काढून टाकलेली, आणि दोन्ही बाजूंनी घोडे जीव खाऊन ओढताहेत तरी ते सुटत नाहीत. खाली लिहिलं होतं, 'माग्डेबुर्गचे अर्धगोल'. धाकटी म्हणाली, "आई, माग्डेबुर्ग हे त्या शास्त्रज्ञाचं नाव का गं?" मला सांगता येईना. रात्री भांडी आवरून झाल्यावर शोधत बसले.

माग्डेबुर्ग हे जर्मनीतलं एल्ब नदीकाठचं शहर आहे. प्रयोग करणाऱ्याचं नाव ऑटो फॉन गेरिके. तो त्या शहराचा महापौर होता. पण या प्रयोगाच्या पंचवीसेक वर्षं आधी त्याच्या डोळ्यांसमोर त्याचं अख्खं गाव एका दिवसात जळून गेलं होतं आणि वीस हजारांच्या आसपास माणसं मेली होती. त्यातून वाचलेल्या थोड्या लोकांत तो होता, आणि त्यानं ते सगळं लिहूनही ठेवलं आहे. अर्धगोल बाजूलाच राहिले. दोन-तीन रात्री मी हेच वाचत होते.

एक म्हण मनातून जाईना, 'वड्याचं तेल वांग्यावर'. आपल्यापैकी कित्येकींच्या घरी वांगं येत नाही, पण ही म्हण मात्र बाराही महिने चालते. राग एकाचा असतो आणि निघतो दुसऱ्यावर. माग्डेबुर्गची गोष्ट याच म्हणीची आहे, फक्त तेलाच्या जागी रक्त आहे. आज ती सांगते. ऐकायला जड आहे, पण दशलक्षण पर्व जवळ आलंय, आणि मला स्वतःला ती लागली आहे. का ते शेवटी सांगते.

युद्ध कशाचं होतं

१६१८ साली युरोपात एक युद्ध सुरू झालं आणि ते १६४८ पर्यंत चाललं. इतिहासात त्याला तीस वर्षांचं युद्ध म्हणतात. एका बाजूला कॅथलिक पंथाचा सम्राट आणि त्याचे साथीदार, दुसऱ्या बाजूला प्रोटेस्टंट राजे आणि शहरं. दोघेही ख्रिस्ताला मानणारे. भांडण पंथाचं होतं तसंच जमिनीचं, सत्तेचं आणि पैशाचंही होतं. १६२९ मध्ये सम्राटानं फर्मान काढलं की प्रोटेस्टंटांनी गेल्या पाऊणशे वर्षांत ताब्यात घेतलेले मठ आणि चर्चच्या जमिनी परत कराव्यात. त्यानं विझत आलेली आग पुन्हा पेटली. १६३० च्या उन्हाळ्यात स्वीडनचा प्रोटेस्टंट राजा गुस्ताव्हस अडॉल्फस फौज घेऊन जर्मनीच्या उत्तर किनाऱ्यावर उतरला. माग्डेबुर्ग हे कट्टर प्रोटेस्टंट शहर. त्यानं लगेच राजाचा पक्ष घेतला.

आता त्या काळच्या वेढ्याची रीत समजून घेऊ, नाहीतर पुढचं कळणार नाही. गावाभोवती तट, बुरूज, खंदक. बाहेरचं सैन्य वेढा घालून बसायचं, तोफा लावायचं, खंदकाकडे सरकत चर खणायचं. तटाला भगदाड पडायच्या आत गावानं दार उघडलं तर अटी ठरायच्या, शिबंदीला बहुधा हत्यारांसह जाऊ द्यायचे. पण गाव लढत राहिलं आणि तटावर चढून घ्यावं लागलं, तर लुटीचा हक्क सैनिकांचा असं मानलं जायचं. पगार महिनोन्‌महिने थकलेले असायचे. लूट हाच पगार.

तरीसुद्धा एक मर्यादा होती. हत्यार टाकून, हात वर करून 'अभय द्या' म्हणणाऱ्या शिपायाला बहुधा सोडत. हे अभय सैनिकांच्या रोजच्या बोलण्यातला शब्द होता. आज मी तुला दिलं, उद्या तू मला देशील, एवढा साधा व्यवहार त्यामागे होता.

आपल्याकडे चार दानं सांगितली आहेत, आहार, औषध, शास्त्र आणि अभय. चौथं दान द्यायला घरात काहीच असावं लागत नाही. समोरच्याचा जीव आपल्या हातात आहे आणि आपण तो घेत नाही, एवढंच. म्हणून त्या शिपायांचा तो शब्द वाचताना मी 'अभयदान' असाच वाचत होते. आणि त्या शब्दाचं पुढं जे झालं, ते मला सगळ्यात जास्त भयंकर वाटलं.

पहिला दुवा, दुसरा दुवा

१६३१ च्या मार्च महिन्यात सम्राटाचा सेनापती टिली यानं नॉयब्रांडेनबुर्ग नावाचं छोटं गाव हल्ला करून घेतलं. टिली तेव्हा सत्तरी ओलांडलेला. आत स्वीडिश राजाची शिबंदी होती, काही शेकडा माणसं. हल्ल्यात त्यातली बरीच कापली गेली. किती, याचे आकडे तेव्हापासून वेगवेगळे सांगितले जातात. कुणी म्हणे जवळजवळ सगळेच मारले, पुढच्या काही अभ्यासकांनी आकडा बराच कमी धरला. पण स्वीडिश छावणीत बातमी पोचली ती एकच : आपल्या माणसांनी अभय मागितलं आणि त्यांनी दिलं नाही.

महिना व्हायच्या आत, १३ एप्रिलला, गुस्ताव्हसनं ओडर नदीवरचं फ्रांकफुर्ट घेतलं. (आपण बातम्यांत ऐकतो ते मोठं फ्रांकफुर्ट वेगळं.) तो दिवस रविवारचा होता, ईस्टरच्या आधीचा, ख्रिस्ती लोकांचा पवित्र रविवार. आत सम्राटाचे पाच-सहा हजार सैनिक होते. राजाच्या फौजेत स्कॉटलंडहून आलेल्या पलटणी होत्या, आणि रॉबर्ट मन्रो नावाच्या स्कॉटिश अधिकाऱ्यानं पुढं या मोहिमेचं पुस्तक लिहिलं. तो लिहितो की शत्रूचे शिपाई अभय मागत होते, आणि आमची माणसं उत्तर देत होती की हे घ्या नॉयब्रांडेनबुर्गचं अभय. असं म्हणून वार करत होती. सतराशेच्या आसपास सैनिक तिथं मेले.

आता जरा थांबून बघा. फ्रांकफुर्टमध्ये मेलेले हे शिपाई दुसऱ्याच तुकडीचे. नॉयब्रांडेनबुर्गवर टिलीबरोबर चढून गेले ते हे नव्हेत. आणि शिपायांचं झाल्यावर गावाची पाळी आली. राजानं काही तास लूट करू दिली. गाव कुणाचं? प्रोटेस्टंटांचं. ज्यांच्या रक्षणासाठी राजा समुद्र ओलांडून आला होता, त्यांचीच कपाटं त्याच्या माणसांनी फोडली.

वडा एकीकडे, वांगं दुसरीकडे. ही तर सुरुवात होती.

माग्डेबुर्ग

फ्रांकफुर्टच्या मदतीला टिली निघाला होता, पण ते पडल्याचं कळलं आणि तो माग्डेबुर्गकडे वळला. तिथं त्याचा सहकारी पापेनहाइम हिवाळ्यापासूनच नाकेबंदी करून होता. आता सगळं सैन्य एकवटलं, वीस हजारांच्या वर. आत जेमतेम अडीच हजार सैनिक आणि हत्यार धरू शकणारे गावकरी. शहराची वस्ती पंचवीस हजारांच्या वर, त्यात आसपासच्या खेड्यांतून आश्रयाला आलेली कुटुंबं. शहराचा सेनानी फाल्केनबेर्ग राजानंच पाठवलेला. तो सगळ्यांना सांगत होता, राजा येतोय, थोडं धरा. दारूगोळा संपत आला होता. बाहेरच्या वस्त्या शत्रूला आडोसा मिळू नये म्हणून आपल्याच हातानं पाडून जाळून टाकल्या होत्या.

टिलीनं शरण या म्हणून पत्रं पाठवली. गावातले काही म्हणत, बोलणी करू. काही म्हणत, मरू पण उघडणार नाही. मंगळवार, २० मे १६३१. (प्रोटेस्टंट लोक जुनं कॅलेंडर पाळायचे, त्यांच्या हिशेबानं ती १० मे. आपल्याकडे तिथीवरून होतं तसंच.) रात्रभर तटावर जागून पहाटे बरेच पहारेकरी घरी विसाव्याला गेले. त्याच वेळी नगरभवनात सभा भरली होती, शरण जायचं की नाही. फाल्केनबेर्ग सांगत होता की एकेक तास मोलाचा आहे. सभासदांत गेरिके होता. तो बाहेर गेला तेव्हा त्याला नदीकाठच्या कोळ्यांच्या वस्तीत शत्रूचे घोडेस्वार लुटताना दिसले. सभा चालू असतानाच पापेनहाइमची माणसं शिड्या लावून आत आली होती.

फाल्केनबेर्ग धावला आणि लढताना मारला गेला. दहाच्या सुमाराला आगी लागल्या. त्या कुणी लावल्या याचा वाद आजपर्यंत चालू आहे. पापेनहाइमनं घरांतून होणारा गोळीबार थांबवण्यासाठी काही घरं पेटवायला सांगितली, हे नोंदलेलं आहे. घरं लाकडी होती. वाऱ्यानं बाकीचं केलं. एकोणीसशे इमारतींपैकी सतराशे गेल्या. उरलं काय, तर मोठं चर्च, एक मठ आणि नदीकाठची कोळ्यांची घरं.

घराघरांत काय झालं ते गेरिकेनं लिहिलं आहे. शिपाई आत यायचे, पैसे मागायचे. आहे ते दिलं की ते जायचे. मग दुसरे यायचे. मग तिसरे. देण्यासारखं संपलं की मार सुरू. बायका-मुली ओढून नेल्या गेल्या. खूप माणसं तळघरांत आणि माळ्यांवर लपली होती. ती तलवारीनं नाही मेली, धुरानं मेली. पापेनहाइमनं स्वतः पत्रात कबूल केलं की वीस हजारांहून जास्त जीव गेले असावेत आणि जेरुसलेमच्या विनाशानंतर असं काही घडलं नसेल. प्रेतं इतकी होती की गाड्या भरभरून एल्बमध्ये सोडली, आणि ते काम दिवसच्या दिवस चाललं.

मोठ्या चर्चमध्ये हजाराच्या घरात माणसं दारं लावून बसली होती. दोन दिवसांनी ती उघडली, तिथल्या धर्मोपदेशकानं टिलीपुढं गुडघे टेकले. टिलीनं त्यांना सोडलं, भाकरी दिली. आणि त्याच चर्चमध्ये विजयाची प्रार्थनाही झाली. पुढच्या वर्षी मोजणी झाली तेव्हा शहरात ४४९ माणसं होती.

आपल्या शास्त्रात गृहस्थाच्या हिंसेचे प्रकार सांगितले आहेत. चढून आलेल्याला अडवताना घडते ती विरोधी हिंसा. गृहस्थाला ती पूर्ण टाळता येत नाही हे मान्य केलं आहे. तटावर उभ्या राहिलेल्या माग्डेबुर्गकरांचं ते होतं. पण हात वर केलेल्याला, तळघरात लपलेलीला, ठरवून मारणं ही संकल्पी हिंसा. तिला कुठलीच सोय ठेवलेली नाही, 'त्यांनी आधी केलं' ही सुद्धा नाही.

दोन बायका आणि एक नाणं

इतिहासाच्या पुस्तकात सेनापती असतात. मला मात्र दोन बायका लक्षात राहिल्या. दोघी शत्रूच्या छावणीतल्या.

पहिली पीटर हागेनडोर्फ नावाच्या साध्या शिपायाची बायको, आना. हा शिपाई सम्राटाच्या बाजूचा. त्यानं वीस-पंचवीस वर्षं रोजनिशी लिहिली. ती बर्लिनच्या ग्रंथालयात सापडली आणि १९९३ मध्ये छापली गेली. माग्डेबुर्गच्या हल्ल्यात त्याला दोन गोळ्या लागल्या. त्याला तंबूत आणलं. शेजारी आजारी लेकरू. बायको जखमेला बांधायला कापड आणि उशाला काहीतरी आणायला जळत्या शहरात गेली. इतक्यात ओरडा झाला की घरं कोसळताहेत, आत गेलेले आतच राहणार. तो लिहितो की आपल्या जखमेपेक्षा त्या लेकराच्या आईची काळजी मला जास्त होती. दीड तासानं ती आली. बरोबर शहरातली एक म्हातारी, अंथरूण उचलायला मदत करत. हातात वाईनचं भांडं, दोन चांदीचे पट्टे, कपडे. पुढं ते बारा नाण्यांना विकले.

ते पट्टे कुणाच्या कमरेचे होते? ती म्हातारी कोण, तिचं कोण कोण मेलं होतं त्या सकाळी? तो लिहीत नाही. पण एक लिहितो, की इतकं सुंदर शहर जळलं याचं मनापासून वाईट वाटलं, कारण हा आपलाच देश. हल्ला करणाराच हे लिहितोय. आना वाईट बाई नव्हती. नवऱ्यासाठी, पोरासाठी आगीत शिरणारी बाई होती. तिच्या जागी मी असते तर? कुणाच्या घरातलं आहे असं मी विचारलं असतं का? मला खात्री नाही.

दुसरी गोष्ट फ्रीझे कुटुंबाची. वडील शहराचे लेखनिक. मुलगा डॅनियल तेव्हा बारा वर्षांचा, त्यानं मोठेपणी ती हकीकत सांगितली. घर पुन्हा पुन्हा लुटलं गेलं होतं, द्यायला काही उरलं नव्हतं. एक शिपाई आला आणि वडिलांवर हत्यार उगारलं. तेव्हा अगदी धाकटा भाऊ, नीट बोलताही न येणारा, पुढं झाला आणि म्हणाला की माझ्या बाबांना मारू नका, रविवारी मला मिळतं ते नाणं मी तुम्हाला देतो. आपल्याकडे पोराला खाऊला देतो तसं ते छोटं नाणं.

तो शिपाई थांबला. मुलांकडे बघितलं. आणि त्यानं त्या सगळ्या कुटुंबाला सोबत घेऊन, आगीतून, दुसऱ्या शिपायांपासून वाचवत आपल्या छावणीत नेलं. तिथं त्याची बायको चिडली. लुटीला गेला होतास, आणि घेऊन काय आलास, तंबूभर पोरं? बाईचा संसार तंबूत, नवऱ्याचा पगार नाही, रात्रीच्या भाकरीची भ्रांत. तिचं चुकलं म्हणवत नाही मला. पण त्यानं सांगितलं की मला यांना वाचवावंच लागलं. आणि ते कुटुंब जगलं.

हेच खरं अभयदान. कुणाचा हुकूम नव्हता, उलट सगळं गाव मारण्यात गुंतलं होतं. त्या शिपायाचेही साथीदार कुठंतरी मारले गेले असतील, फ्रांकफुर्टची बातमी त्यानंही ऐकली असेल. पण समोर उभं असलेलं लेकरू आणि त्या बातमीतले मारेकरी वेगळे आहेत, एवढं त्याला त्या क्षणी दिसलं.

शब्द उलटा झाला

माग्डेबुर्गची बातमी युरोपभर पसरली. त्या एका वर्षात तिच्यावर दोनशेहून जास्त पत्रकं छापली गेली, चित्रं, गाणी, प्रवचनं. मदतीला न पोचल्याबद्दल गुस्ताव्हसवरही बोट आलं, त्याला जाहीर खुलासा करावा लागला. कालपर्यंत काठावर बसलेले प्रोटेस्टंट राजे त्याच्याकडे आले. १७ सप्टेंबरला ब्राइटनफेल्डच्या मैदानात टिलीचा मोठा पराभव झाला.

पुढच्या महिन्यात स्वीडिश फौज दक्षिणेला व्युर्झबुर्गला पोचली. तिथला बिशप पळून गेला होता. नदीपलीकडच्या टेकडीवर त्याचा मारियनबेर्ग किल्ला, आत शिबंदी आणि आश्रयाला आलेले लोक, त्यात मठवासीही. १८ ऑक्टोबरला किल्ला चढून घेतला. आतल्यांनी अभय मागितलं. उत्तर आलं, "घ्या माग्डेबुर्गचं अभय." मठवासीही त्यातून सुटले नाहीत.

ही बिशपची माणसं. माग्डेबुर्ग जाळलं ते टिलीच्या सैन्यानं. यांनी कदाचित ते शहर नकाशावरही पाहिलं नसेल. पण आता 'माग्डेबुर्गचं अभय' हा सैन्यात रुळलेला शब्दच झाला होता, आणि त्याचा अर्थ होता, सोडणार नाही. जीव वाचवणारा शब्द मारण्याचं नाव होऊन बसला. त्यात माग्डेबुर्गच्या त्या मेलेल्या बायका-मुलांचं नाव वापरलं गेलं. त्यांना कुणी विचारलं होतं का, की तुमच्या नावानं हे करू?

नॉयब्रांडेनबुर्ग, फ्रांकफुर्ट, माग्डेबुर्ग, व्युर्झबुर्ग. मार्च ते ऑक्टोबर, आठ महिने. प्रत्येक ठिकाणी मारणाऱ्याकडे कारण होतं. प्रत्येक ठिकाणी मरणारा वेगळाच होता. मी पुन्हा पुन्हा शोधलं, की या साखळीत एकदा तरी सूड ज्याचा त्याच्यावर उगवला का? नाही.

आणि मोठी माणसं? टिली एप्रिल १६३२ मध्ये लेख नदीवरच्या लढाईत जखमी झाला आणि महिनाअखेरीला गेला. त्याच वर्षी १६ नोव्हेंबरला ल्युट्झनच्या लढाईत राजा गुस्ताव्हस मारला गेला. त्याच लढाईत पापेनहाइमला गोळी लागली, दुसऱ्या दिवशी तोही गेला. माग्डेबुर्गला दीड वर्ष झालं, आणि तिघंही नव्हते. वैर मात्र होतं. युद्ध आणखी सोळा वर्षं चाललं.

शेवटी २४ ऑक्टोबर १६४८ ला वेस्टफालियाचा तह झाला. त्याच्या सुरुवातीच्याच कलमांत लिहिलं आहे की युद्ध सुरू झाल्यापासून कुणी कुणाचं जे काही केलं, ते सगळं कायमचं विसरायचं आणि माफ करायचं, त्याच्या नावानं पुन्हा कुणी कुणाला त्रास द्यायचा नाही. वर्षानुवर्षं बोलणी करून मोठमोठ्या राजांच्या वकिलांनी जे लिहिलं, ते तेवढंच. तीस वर्षांनी, लाखो माणसं गेल्यावर, ते तिथं पोचले.

आपल्या घरात

आता माझी गोष्ट. छोटी आहे. माग्डेबुर्गच्या शेजारी मांडायची लाज वाटते, पण मांडते.

काही वर्षांपूर्वी नणंदेच्या घरी वास्तुशांत होती. माझी आई आवर्जून गेली होती. मानाच्या वेळी तिला कुणी बोलावलं नाही, ती मागच्या खुर्चीवर बसून राहिली. घरी येताना म्हणाली, "जाऊ दे गं, गर्दीत राहिलं असेल." ती विसरली. मी नाही विसरले.

गेल्या वर्षी आमच्याकडे विधान होतं. नणंदेची नवी सून मदतीला आली. पोरगी गुणी, पहाटेपासून शुद्ध कपड्यांत राबत होती. ताटं मांडताना तिच्याकडून काहीतरी क्रम चुकला. मी सगळ्यांसमोर म्हणाले, "तुमच्या घरात मानाचं कळत नाहीच म्हणा." नणंद ऐकायला नव्हती, पण मला त्याचं काही वाटलं नाही. पोरीचे डोळे भरले आणि ती आत निघून गेली. माझ्या आईला मागं बसवलं, तेव्हा ती पोरगी त्या घरात आलीही नव्हती.

त्या दिवशी मला वाटलं होतं, हिशेब चुकता झाला. आता कळतं की मी पत्ताच चुकीचा लिहिला होता. आणि तिच्या मनात काही राहिलं असेल, तर ते माझ्यावर नाही, उद्या माझ्या लेकीवर किंवा सुनेवर निघेल. साखळी अशीच चालते. कमठाचं वैर दहा भव चाललं हे आपण लहानपणापासून ऐकतो आणि कमठाला नावं ठेवतो. ते तुटलं ते मरुभूतीच्या जीवानं उलट वैर धरलं नाही म्हणून, हे आपण ऐकतो आणि प्रसाद घेऊन घरी येतो.

दरवर्षी क्षमावाणीला आपण फोनवरून शंभर जणींना एकच चित्र पाठवतो. मीही पाठवते. त्यात ज्यांचं आपण खरंच काही बिघडवलंय, त्यांची नावं बहुधा नसतात. वेस्टफालियाच्या तहात सगळ्यांनी सगळ्यांचं विसरायचं होतं. आपली क्षमा त्याहून अवघड आहे, ती आधी स्वतःचं आठवायला लावते.

या क्षमावाणीला मी नणंदेकडे जाणार आहे. नणंदेशी बोलेन, आईचं मनातलं सांगेन, तो वेगळा विषय. पण आधी स्वयंपाकघरात जाऊन त्या पोरीला भेटायचं आहे. तिनं काही केलं नव्हतं, हे तिला माझ्या तोंडून ऐकू यायला हवं.

धाकटीला मी अर्धगोलांचं सांगितलं. म्हटलं, ज्या माणसानं हा प्रयोग केला ना, त्याचं गाव जळलं होतं. तो परत आला, त्यानं राखेतून रस्ते आखले, पूल बांधला, मग हवेवर प्रयोग केले. ती म्हणाली, "मग त्यानं बदला नाही घेतला?" म्हटलं, "त्याला वेळ नव्हता गं. गाव बांधायचं होतं."